खरी हार

समोरचा माणूस खरा हरला की मुद्दाम हरला, हे नुसत्या त्याच्या पाठीकडे पाहून सांगू शकेल असा एकच माणूस मी पूर्व विदर्भाच्या उभ्या झाडीपट्टीत पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. नागभीडपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या एका गावात भाऊजींची धानाची शेती होती, घरामागे गोठा होता, गोठ्यात त्यांनी ऐन उमेदीत शंकरपटाच्या शर्यतीत पळवलेल्या बैलांची पुढची पिढी होती, आणि सपरीत, म्हणजे त्या भागातल्या घराच्या पुढच्या पडवीत, एका लाकडी पेटीवर टीव्ही आणि त्याला जोडलेला व्हिडिओ गेमचा डबा होता. नव्वदच्या दशकात असा डबा लोक घरातल्या पोरांसाठी आणत. भाऊजींनी तो स्वतःसाठी आणला होता आणि तसे ते कुणालाही न लाजता सांगत. ज्या वयात गावातली माणसे भजनी मंडळात जाऊ लागतात, त्या वयात हे गृहस्थ मांडी घालून पडद्यावर वरून पडणाऱ्या विटा रचत बसत, आणि कुणा वडीलधाऱ्याने त्यावर काही टोमणा मारलाच तर, "तुमी पत्ते खेळता तं मी काई म्हनतो का जी?" एवढेच विचारून पुन्हा विटांकडे वळत.

तो डबा त्यांनी नागपूरहून आणला. धानाचे बियाणे आणायला गेले होते आणि बियाणे विसरून डबा घेऊन आले, असे माझी बहीण सांगे. भाऊजींचे म्हणणे असे, की आणले दोन्ही. फक्त बियाणे बसच्या टपावर टाकले आणि डबा मांडीवर घेतला. हा खुलासा आपल्याच बाजूचा आहे, असे त्यांना मनापासून वाटे. डब्यासोबत दोन रिमोट होते. त्यांच्या लांब वायरी पाहून भाऊजींनी त्यांना 'कासरे' म्हणायला सुरुवात केली, आणि बैलाचा कासरा जसा कुणी ओलांडत नाही तशी ही वायरही ओलांडायची घरात बंदी झाली. खेळ चालू असला की बहिणीला सपरीतून अंगणात उतरण्यासाठी सगळ्या घराला वळसा घालून परसदाराने यावे लागे. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची असते हे त्या काळी सर्वांनाच माहीत होते. पण भाऊजींच्या घरी फुंकर मारण्याचा अधिकार निर्व्यसनी माणसापुरता राखून ठेवलेला होता. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याच्या श्वासाने कॅसेटमधल्या मोटारी रस्ता सोडतात, असे त्यांचे ठाम मत होते. खर्रा न खाणारे पुरुष गावात भाऊजी आणि देवळातले पुजारी एवढेच, त्यामुळे एकदा भाऊजींचा घसा बसला तेव्हा पुजाऱ्यांना बोलावणे गेले. पुजाऱ्यांनी आधी हात धुतले, मग डोळे मिटून फुंकर मारली. खेळ सुरू झाला, आणि त्या वर्षीपासून भाऊजींच्या घरून देवळात जाणारा शिधा थोडा वाढला, असे बहीण म्हणे.

जगात संपूर्ण म्हणावा असा एकच खेळ आहे आणि तो विटांचा, हे भाऊजींचे पहिले मत. त्याची कारणे ते शेतातून काढत. वीट लावणे म्हणजे रोवणी. चिखलात धानाचे रोप लावताना एखादी जागा सुटली तर ती कापणीपर्यंत दिसत राहते. तसेच विटांच्या ओळीत राहिलेले भोक. त्या खेळात शत्रू नाही, तलवार नाही, राक्षस नाही; आपली घाई एवढाच शत्रू. मी गडचांदूरला शाळेत शिक्षक होतो आणि सुट्टीत बहिणीकडे आलो की परतीच्या गाडीपूर्वी भाऊजींशी एक डाव होईच. पडद्याचे दोन भाग होत, डावीकडे त्यांच्या विटा, उजवीकडे माझ्या, आणि ज्याचा ढीग आधी आढ्याला टेकेल तो हरला. माझा ढीग नेहमी आधी टेके. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. हातून एखादी गोष्ट चुकली की ती मी मनातून सोडत नाही. वर्गात एखाद्या मुलाला उगाच रागावलो तर त्याच्या पुढच्या इयत्तेपर्यंत मला ते आठवते. खेळातही एक वीट वाकडी बसली की मी तिच्याकडेच पाहत राही. भाऊजी स्वतःच्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणत, "मास्तर, जुन्या भोकाकडे पाहून राह्यले तं वरची वीट कोन पाह्यन?" एवढ्या वर्षांत मला बऱ्याच जाणत्या माणसांनी बरेच समजावले, पण माझ्या स्वभावाचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या कुणाला जमले नाही.

मोटारींच्या शर्यतीचा खेळ त्यांना पटत नसे, तरी ते तो खेळत, आणि खेळताना शंकरपटात बैलजोडी हाकावी तसे तोंडाने आवाज काढत. त्यांचा आक्षेप असा, की मोटार दमत नाही. बैलाला थोपवून धरावे लागते, अखेरच्या टप्प्यासाठी त्याचा दम राखावा लागतो. इथे एक बटण दाबून ठेवले की झाले. त्यातही मोटार झाडावर आदळली तर क्षणभर लुकलुकून पुन्हा रस्त्यावर येते, याचा त्यांना मनस्वी राग होता. "पटात जोड पडली का मानूस हप्ताभर जेवत नाई. हे पाहा, आपटली अन् चालली," असे म्हणून ते आपल्याच जिंकलेल्या मोटारीकडे तुच्छतेने पाहत. वीज गेली, म्हणजे तिकडच्या बोलीत 'लाइन गेली', की सारा डाव पुसला जाई. पण त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचे मला स्मरत नाही. कासरा खाली ठेवून ते बैलांना पाणी दाखवायला जात.

पुढे संगणक आले. चंद्रपुरात ठिकठिकाणी सायबर कॅफे निघाले, आणि आयुष्यात एकही ई-मेल न पाठवलेले भाऊजी नव्या खेळांची पाहणी करायला त्यांतून जाऊन बसू लागले. धोतर नेसलेला एक माणूस कानांवर हेडफोन चढवून बंदुकीच्या खेळात भिंतीआड दबा धरून बसला आहे, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. बाहेर आल्यावर त्यांनी मला रस्त्यातच थांबवून विचारले, "गोळी लागली, भिंतीमागं जराक उभं राह्यलं, अन् जखम भरली. मंग सरकारनं दवाखाने काऊन काढले?" नव्या खेळांवर त्यांचा मुख्य राग मात्र वेगळ्याच कारणासाठी होता. ते खेळ माणसाची खुशामत करतात, असे ते म्हणत. सोपे, मध्यम, कठीण असे आधीच विचारतात; सोपे म्हटले की आतला यंत्राचा गडी आपल्याला जिंकू देतो; जिकडेतिकडे शाब्बासकी लिहून येते; हरायची वेळ आली की डाव राखून ठेवता येतो आणि तिथूनच पुन्हा उठता येते. जुन्या खेळाने कुणाचे तोंड पाहिले नाही. पाटलाची वीट आणि मजुराची वीट एकाच वेगाने पडे. जो खेळ जाणूनबुजून हरतो त्याच्याशी काय खेळायचे, असे त्यांचे म्हणणे. आणि जाणूनबुजून हरणारा माणूस तर त्यांना खोटे बोलणाऱ्यापेक्षाही वाईट वाटे.

या मतामुळेच माझ्या भाचीचे लग्न मोडता मोडता राहिले.

ज्योती ही त्यांची एकुलती एक मुलगी, आणि भाऊजींना विटांच्या खेळात हरवू शकणारी भूतलावरची एकमेव व्यक्ती. बापलेक खेळायला बसले की घरात कुणी बोलत नसे. हरल्यावर भाऊजी कासरा न सोडता "अजून एक" म्हणत, आणि ज्योती "बाबा, भात करपन" म्हणत म्हणत आणखी एक डाव खेळे. तिला एक स्थळ सांगून आले. मुलगा एटापल्लीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, घरचे आरमोरीकडचे, धान पिकवणारे. एका नातेवाइकाच्या लग्नात दोघांनी एकमेकांना आधीच पाहिले होते आणि ज्योतीच्या मनात तो भरला होता, हे तिने आईला आणि आईने मला सांगितले होते. मी मामा, म्हणजे लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस, म्हणून पाहणीच्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतले होते.

मुलगा आणि त्याचे काका आले. काका तोलून बोलणारे, पांढऱ्या टोपीचे. पोहे झाले, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मुलाच्या हाती अचानक दुसरा कासरा आला. बहिणीने कपाळाला हात लावला. मुलाला खेळ चांगला येत होता, हे पहिल्या काही विटांतच दिसले. मग काका हळूच खाकरले. होणाऱ्या सासऱ्याला त्याच्याच सपरीत हरवू नये, ही त्यांच्या घरची रीत. आमच्याकडेही तीच आहे. मुलाच्या विटा एकदम बावळटासारख्या पडू लागल्या आणि पाहता पाहता त्याचा ढीग आढ्याला टेकला. त्याने हसून हात जोडले. "तुमच्यापुढं आमचं काय चालनार जी," तो म्हणाला. काकांनी समाधानाने मान हलवली.

भाऊजी उठले आणि गोठ्याकडे गेले. मी मागोमाग गेलो.

"नाई म्हनून सांगून द्या, मास्तर," ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले.

मी कारण विचारले. तो खोटा हरला, हे कारण. खरे हरणाऱ्याची पाठ शेवटच्या विटेला ताठ होऊन वर उठते. याची पाठ गादीसारखी पडलेली होती. आज मला खूश करायला हरला, भाऊजी म्हणाले, उद्या ज्योतीला खूश करायला काहीही सांगेल, आणि त्याच्या मनात काय आहे हे तिला जन्मभर समजणार नाही. मी म्हटले, भाऊजी, तो तुमचा मान राखत होता. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी घाबरलो.

"हे त्याले तुमीच शिकवलं."

मी त्या मुलाला आयुष्यात प्रथमच पाहत होतो, असे मी शपथेवर सांगितले.

"मंग त्यालेबी तुमच्यासारखीच सवय हाय. तुमी काय करून राह्यले इतके वर्षं? बहिनीच्या घरचा मान म्हनून मले जिंकू देऊन राह्यले. मले समजत नाई का? खरा हरनारा मानूस जाग्यावरून हलत नाई. तो म्हन्ते, अजून एक. तुमी कधी म्हनलं? हरले का उठले, थैली घेतली अन् टेशनाले चालले."

मी त्यांना परोपरीने सांगितले की मी प्रत्येक डाव जिवाच्या आकांताने खेळलो आहे आणि गाडी चुकू नये म्हणून उठत होतो. न केलेल्या गोष्टीचीसुद्धा खंत करणारा माणूस मी. आणि इथे मला स्वतःचा नालायकपणा सिद्ध करायचा होता, तो काही केल्या सिद्ध होत नव्हता. "इतकं वाईट कोनी खरंखुरं खेळते का?" भाऊजींनी विचारले. तेवढ्यात बहीण परसदाराने आली आणि तिने जन्मात प्रथमच नवऱ्यापुढे आवाज चढवला. एका डबड्यापायी पोरगी घरी बसवता का, असे काहीसे ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. तिच्या मागे चहाचा रिकामा ट्रे घेऊन ज्योती उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ट्रे तिने माझ्या हाती दिला आणि घरात गेली.

मी ट्रे घेऊन सपरीच्या दाराशी पोहोचलो तोवर ती भाऊजींच्या जागेवर मांडी घालून बसली होती. दाखवायच्या मुलीने पाहुण्यासमोर असे बसणे आमच्यात आजवर घडलेले नव्हते, आणि काकांची टोपी किंचित मागे सरकली होती.

"एक डाव माझ्यासंगं," ती मुलाला म्हणाली. तो काकांकडे पाहू लागला. "त्यायच्याकडं पाहू नका. मी आजपर्यंत कोनाले सोडलं नाई, बाबालेबी नाई. तुमीबी मले सोडू नका."

डाव सुरू झाला. सुरुवातीला तो जपून खेळत होता; ज्योतीने एका दमात त्याच्यावर आघाडी घेतली आणि बारीकसे हसली. त्या हसण्याने काम केले. त्याने बाह्या वर सारल्या. काका खाकरले ते त्याला ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा खाकरले तेव्हा त्याने मान न वळवता "काकाजी, थांबा जराक" म्हटले. ज्योतीच्या कपाळावर घाम आला, असा तो तिला जेरीस आणू लागला. माझ्या शेजारी भाऊजी केव्हा येऊन उभे राहिले मला कळले नाही. ते पडद्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर मुलाच्या पाठीवर होती. शेवटी एक लांब वीट त्याला हवी होती ती आली नाही, दुसरीच आली, आणि त्याची पाठ काठीसारखी ताठ होऊन वर उठली. ढीग टेकला. तो हरला होता. त्याचे कान लाल झाले होते, हात जोडायचे त्याला सुचले नाही.

"अजून एक," तो म्हणाला.

भाऊजींनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि बहिणीकडे दिला. "पाहुन्यायले जेवाले थांबवा," ते म्हणाले. ज्योतीने तोंड पडद्याकडेच ठेवले होते, त्यामुळे तिचा चेहरा आम्हांला कुणालाच दिसला नाही. तिची पाठ मात्र हलत होती, हसण्याने की रडण्याने, ते भाऊजीच सांगू शकले असते.

लग्न धान कापून झाल्यावर झाले. अंतरपाटापाशी ज्योतीच्या पाठीशी मी उभा राहिलो, आणि भाऊजी दूर मांडवाच्या खांबाला टेकून, हाताला काही काम नसल्यासारखे उभे होते. त्यानंतर दुसरा कासरा सपरीतल्या खुंटीला अडकला. मी आलो की तो निघे, डाव होई, मी हरे, आणि स्टेशनावर जाई. त्या दिवशीच्या आरोपाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. पण मी उठताना ते जरासे हसत, आणि त्या हसण्यात त्यांनी मला माफ केलेले असे. न केलेल्या गुन्ह्याची माफी स्वीकारणे किती कठीण असते, हे मला त्या वर्षांत समजले.

जावयाने पुढे त्यांना एक जुना संगणक आणून दिला. त्यात जमिनीखाली लपवलेले सुरुंग अंदाजाने शोधायचा खेळ होता. तो काही दिवस त्यांना आवडला. खुशामत न करणारा नवा खेळ निघाला, असे त्यांनी मला फोनवर कळवलेही. मग एकाएकी सोडला. ज्योती सणासुदीला एटापल्लीहून बसने येत असे, आणि तिकडच्या रस्त्यांवर नक्षलवाद्यांचे खरे सुरुंग फुटत. "त्याच्यात मन लागत नाई," एवढेच ते म्हणाले, आणि मी पुढे विचारले नाही. मोबाइलमधला साप त्यांना बरा वाटे. साप जेवढे खातो तेवढी त्याची स्वतःचीच अडचण वाढत जाते, यात त्यांना काहीतरी ओळखीचे दिसे. ज्योतीचा फोन यायचा त्या वेळी मात्र ते तो खेळ लावत नसत.

मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा भाऊजी उन्हात खाटेवर बसले होते. बांधावरून पडल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटे नीट वळत नव्हती. बैल विकले होते. टीव्ही तोच होता, डबाही तोच, फक्त त्याचा पांढरा रंग आता हळदीसारखा दिसत होता. त्यांनी खुंटीकडे मान केली. मी दुसरा कासरा काढून आणला, त्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली, आणि आम्ही बसलो.

थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की मी हरत नाही. भाऊजींचे बोट बटणावर उशिरा पोहोचत होते. त्यांच्या बाजूला एक भोक राहिले, मग दुसरे. माझ्या विटा मात्र त्या दिवशी शहाण्यासारख्या बसत होत्या. मला काय होत होते ते मी स्पष्ट सांगू शकत नाही. माझी बोटे आपोआप मंद झाली. एक साधी वीट मी हवेत तशीच राहू दिली.

"मास्तर," भाऊजी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "वीट पाहा."

मी ती वीट जागेवर लावली. पुढचीही लावली. काही क्षणांत त्यांचा ढीग आढ्याला टेकला, आणि मला पाहावे लागले नाही, शेजारच्या हालचालीनेच कळले की त्यांची पाठ ताठ होऊन वर उठली आहे. सपरीत फक्त त्या खेळाचे बारीक संगीत वाजत होते. आत बहिणीचे भांडे घासणे थांबले होते.

कासरा मांडीवरून खाली ठेवून भाऊजी माझ्याकडे वळले.

"म्हंजे तुमी आजपर्यंत खरंच हरत होते," ते म्हणाले.

"हो, भाऊजी."

"एवढं वाईट खेळत होते?"

"हो."

त्यांनी वाकड्या बोटांनी कासरा पुन्हा मांडीवर नीट घेतला. नागभीडकडून गाडीचा भोंगा लांबून ऐकू आला. माझी पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, आणि बहीण ती उचलून देण्यासाठी उंबऱ्यापर्यंत आली होती.

"अजून एक," भाऊजी म्हणाले.

मी बहिणीला पिशवी आत न्यायला सांगितले.